जाळलेला माळ आणि कापलेला माळ : माझा अनुभव

माण तालुक्यातील आमच्या भागात फाल्गुन-चैत्रात माळ पेटतो आणि तो कोणी पेटवला हे सहसा कोणी विचारत नाही. वाळलेले गवत जाळले की पहिल्या पावसाला कोवळी फूट जोमाने येते, कुसळांचा त्रास कमी होतो आणि गोचीड मरतात, अशी मेंढपाळांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ही समजूत निराधार आहे असे मला कधीच वाटले नाही. मात्र वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जमिनीवर ती कितपत टिकते, हे आमच्याच मातीत पाहिल्याशिवाय कोणालाही 'जाळू नका' म्हणणे मला योग्य वाटत नव्हते. म्हणून आमच्या मालकीच्या पडीक माळाचे तीन पट्टे आखले : एक जाळायचा, एक विळ्याने कापायचा आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही.

आमची जमीन वनहद्दीपासून दूर नाही आणि भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात आग लावणे किंवा आग तिथे पोहोचू देणे हा गुन्हा आहे. त्यामुळे वनरक्षक, ग्रामपंचायत आणि बांधाला बांध असलेले शेतकरी यांना आधी लेखी कळवून संमती घेतली. जाळायच्या पट्ट्याभोवती गवत मुळापासून खरवडून रुंद जाळरेषा काढली आणि फवारणीचे पंप पाण्याने भरून ठेवले. काडी लावण्यापूर्वी सारा पट्टा पायाखाली घातला, कारण पखुर्डी, धाविक, चंडोल हे पक्षी उन्हाळ्यातच उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि वणव्यात सर्वांत आधी तेच जातात. वारा पडल्यावर, संध्याकाळी, आग वाऱ्याच्या उलट दिशेने सरकेल अशा बेताने पेटवली.

दुसऱ्या दिवशी जळालेला एक ठोंब खुरप्याने उकरून पाहिला. वरची धसकटे कोळशासारखी झाली होती, पण मातीखाली बोटभर खोलीवर फिकट पिवळे डोळे शाबूत होते. कोरडी माती उष्णता खाली जाऊ देत नाही आणि गवताची आग पटकन पुढे सरकते, म्हणून बहुवार्षिक गवत एका वणव्याने मरत नाही. जळून जातो तो पालापाचोळा, आणि त्यातला बहुतेक नत्र व काही गंधक वायुरूपाने निघून जातो. पालाश, स्फुरद आणि चुना राखेत उरतात. परंतु आमच्या उतारावर वळिवाच्या पहिल्याच सरीत काळे पाणी ओघळीला लागले आणि त्या राखेचा मोठा वाटा डोळ्यांदेखत वाहून गेला.

तरीही जून अखेरीस जाळलेला पट्टाच सर्वांत हिरवा दिसत होता. शेजारच्या वस्तीवरचे बापू बांधावर उभे राहून म्हणाले, "मास्तर, बघा कसं फुटलंय. जाळल्याबिगर माळ हसत न्हाई." त्या दिवशी त्यांचे म्हणणे खरेच होते. जुना पेंढा नाहीसा झाल्याने फुटव्यांना थेट ऊन मिळते, काळी जमीन लवकर तापते आणि मेंढरांच्या तोंडी निव्वळ कोवळे पान येते. हात न लावलेल्या पट्ट्यात ठोंबांच्या मध्यभागी मेलेल्या काड्या दाटलेल्या होत्या आणि फूट केवळ कडेने आली होती. नुसते राखून ठेवणे हा उपाय नव्हे, हे तिथेच स्पष्ट झाले.

पुढे पावसाने ओढ दिली. उघड्या पडलेल्या जाळलेल्या पट्ट्यात मातीवर पापडी धरली, पाणी मुरेनासे झाले आणि दुपारी पाने तिथेच आधी मिटू लागली. कापलेल्या पट्ट्यात चार बोटे धसकटे आणि गळालेला पाला राहू दिला होता; त्याखालची माती हाताला गार लागत असे. गवत पक्व झाल्यावर एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट ठिकठिकाणी टाकून आतील गवत कापले, वजन स्थिर होईपर्यंत उन्हात वाळवले आणि तोलले. वाळल्या चाऱ्यात कापलेला पट्टा पुढे आणि जाळलेला मागे राहिला. पुढल्या वर्षी पाऊस वेळेवर व सलग झाला तेव्हा हे अंतर जवळजवळ मिटले, आणि ती नोंदही मी तितकीच मोलाची मानतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 800 मिलिमीटरहून अधिक पावसाच्या कोन्झा गवताळ प्रदेशात 1970च्या दशकापासून जाळण्याचे दीर्घकालीन प्रयोग चालू आहेत, आणि तिथे वसंतातल्या आगीने पाचोळा दूर होऊन गवताचे उत्पादन वाढते. पाणी पुरेसे असेल तिथे पाचोळा वाढीआड येतो. पाणीच कमी असेल तिथे तोच ओल धरून ठेवतो.

वजनापेक्षा मला अधिक चिंता वाटली ती कुसळीची, म्हणजे ज्याच्या बियांना ही टोचरी कुसळे असतात त्या गवताची. शास्त्रीय वर्गीकरणात दख्खनचे माळ सेहिमा-डायकॅन्थियम प्रकारात येतात, म्हणजे पवना आणि मारवेल ही इथली मूळची उत्तम गवते. जाळणे आणि मागोमाग चराई हे वर्षानुवर्षे चालले की ती मागे हटतात व कुसळी पसरते. कुसळाचे टोकदार बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर त्याचे पीळदार शेपूट हळूहळू उलगडत फिरू लागते. दमट हवेत असेच फिरत फिरत ते बी मातीत रुतते आणि पुढची आग त्याच्या डोक्यावरून निघून जाते. ज्या कुसळांना कंटाळून माळ जाळला जातो, त्यांचेच बी आगीतून सुखरूप राहते!

ग्रामसभेत मी चौकटींतील गवताच्या पेंड्या आणि ताणकाटा घेऊन गेलो, आणि बापूंनाच तोलायला सांगितले. बरीच चर्चा झाली, कारण कापणीला मजुरी लागते आणि काडीपेटीला लागत नाही, ही अडचण खरी आहे. अखेरीस गायरानाच्या एका भागापुरते ठरले : माघ संपण्याआधी सभोवती जाळरेषा काढायची, कुसळी कुसळे टणक होण्यापूर्वी कापून घ्यायची, पवना-मारवेल मात्र बी गळल्यावरच कापायचे, आणि कापलेला चारा कापणाऱ्याचाच राहील. उरलेल्या भागाचा निर्णय यंदाच्या पेंड्या तोलल्यावर होणार आहे.