हे अजून घडू शकतं का?

नववीत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी 'इफ'ची वाक्यं शिकवली ती प्रकारांचे क्रमांक न सांगता. पहिला, दुसरा, तिसरा प्रकार ही नावं मला पुढे व्याकरणाच्या पुस्तकांत भेटली. बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या आणि विचारायच्या, "हे अजून घडू शकतं का?"

'इफ शी कॉल्स, आय विल गो.' फोन येऊ शकतो, म्हणून 'इफ'बरोबर साधा वर्तमानकाळ आणि 'विल' पुढच्या भागात. मग त्याखाली 'इफ शी कॉल्ड, आय वुड गो.' इथे फोनची आशा फारशी नाही. 'कॉल्ड' दिसतं भूतकाळी, पण गोष्ट उद्याची. हे रूप काळ मागे नेत नाही, शक्यता लांब नेतं, हे बाईंनी इतकं सावकाश उलगडलं की 'इफ आय वेअर यू' वेगळं शिकावंच लागलं नाही.

मराठी मुलं इथेच का अडतात, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण 'ती आली तर मी जाईन' म्हणतो. 'आली' भूतकाळी, पण येणं अगदी शक्य. म्हणून मुलं 'इफ शी केम, आय विल गो' लिहून मोकळी होतात. आणि 'पैसे असते तर घेतलं असतं' हे आपल्याकडे आजच्या रिकाम्या खिशालाही चालतं, गेल्या वर्षीच्याही. इंग्रजीत ठरवावंच लागतं. आजचं असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय इट', हुकलेलं असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट इट'. शेजारी शेजारी दोन 'हॅड' बघून वर्गात खसखस पिकली. बाईंनी पहिल्याखाली 'सहायक' आणि दुसऱ्याखाली 'मुख्य' असं लिहिलं आणि पुढे गेल्या.

आज मी स्वतः इंग्रजी शिकवतो. परीक्षेला क्रमांक लागतात, ते मी सांगतो, पण सगळ्यात शेवटी. ते आधी आले की 'इफ शी हॅड स्टडीड मेडिसिन, शी वुड बी अ डॉक्टर नाउ' हे वाक्य मुलांना चुकीचंच वाटतं, कारण अर्धं तिसऱ्या प्रकारातलं, अर्धं दुसऱ्यातलं. बाईंच्या रीतीने दोन्ही भागांना वेगवेगळं विचारता येतं. शिकणं कधीचं? राहून गेलेलं, म्हणून 'हॅड स्टडीड'. डॉक्टर असणं कधीचं? आत्ताचं, म्हणून 'वुड बी'.