कोल्ह्याची द्राक्षं जुळवणारे हात

मुलांसाठी छापलेलं मराठी पुस्तक म्हटलं की बहुतेकांना मुंबई आठवते. मला आधी तंजावर आठवतं. दुसऱ्या सरफोजी राजांनी तिथे छापखाना काढला, त्याचं नाव 'नवविद्या कलानिधी'. १८०६ साली त्यातून 'बालबोध मुक्तावली' बाहेर पडली. सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसपच्या गोष्टी! पेशवाई अजून उभी होती आणि तिकडे कावेरीकाठी मराठी कोल्हा छापून तयार होता. मला याचा फार अभिमान वाटतो.

मी उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात घालवली, त्यामुळे अशा पुस्तकाकडे मी आधी जुळाऱ्याच्या नजरेनं बघतो. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' एवढंच घ्या. 'ल्ह्या'त अर्धा ल, अर्धा ह, मग य आणि काना. पुढे 'द्रा', लगेच 'क्षे', 'आं'वर अनुस्वार. आमच्या वेळी यातला एकेक तुकडा केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीच्या, वेगळ्या घरातून उचलावा लागे, तोही उलटा वाचत. मात्रा जरा सरकली की ओळ वाकडी. आम्हाला निदान तयार खिळे विकत मिळत. त्या काळी अक्षर पोलादावर कोरण्यापासून सुरुवात होती.

बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे हे कसब पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांच्या हातात होतं. तिथून १८१४ मध्ये वैजनाथ शर्मांची 'सिंहासन बत्तिशी' निघाली आणि पुढच्याच वर्षी 'हितोपदेश'. बत्तिशी तर मोडी लिपीत! लेखणी न उचलता लिहायची ती लिपी; तिचं एकेक अक्षर सुटं पाडून पुन्हा शेजारी बसवायचं म्हणजे वाहत्या पाण्याचे तुकडे करण्यासारखं. तरी त्यांनी ते केलं.

मुंबईचा नंबर यानंतर. १८२२ मध्ये शाळा आणि शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ, म्हणजे बापू छत्रे, यांची 'इसपनीती' आली आणि 'बाळमित्र'चा पहिला भागही. 'बाळमित्र' मूळ बर्क्विन या फ्रेंच लेखकाचं, इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं. त्यातली शहाणी मुलं आज कुणाच्या लक्षात नाहीत. इसपचा कोल्हा मात्र घरोघरी आहे. मला यात नवल वाटत नाही. शहाण्या मुलाची गोष्ट ऐकताना पोराला कळतं की आता आपल्याला बोलणी बसणार. कोल्ह्याला मात्र ते मोकळेपणानं हसतं.

शिळाप्रेसही त्याच सुमारास मुंबईत रुळला. चांगलं अक्षर असलेल्या माणसानं तेलकट शाईनं कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरवायचं, दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. शाई धरते ती फक्त अक्षरांवर. जोडाक्षरांचा छळ संपला, पोरांच्या हातात थेट हस्ताक्षरातलं पान आलं. खिळ्यांचा माणूस असूनही सांगतो, वळणदार देवनागरीला दगडानं जो न्याय दिला तो शिशाला फार उशिरा जमला.