पाणी नीट प्यायलेला माणूस

एप्रिलमधल्या रविवारी दुपारी कॅज्युअल्टीत कोण येणार, हे आता न सांगता कळतं. लग्नातलं जेवण बाधलेले, स्लॅबवर काम करताना चक्कर येऊन बसलेले मजूर, आणि गेल्या काही वर्षांत सायकलवाले. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या आपल्याच गावच्या डॉक्टर भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. जवळपास ४८०० किलोमीटर. तेव्हापासून नाशकात सायकलनं जे मूळ धरलं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. शुगरच्या गोळ्या कमी झालेली माणसं मी माझ्या ओपीडीत पाहिली आहेत.

त्या दिवशी पावणेतीनच्या सुमाराला चौघांनी मिळून एका गृहस्थांना आत आणलं. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. पहाटे पाचला नाशिकरोडहून निघून सिन्नर, वावीमार्गे शिर्डी आणि परत, असा बेत होता. परतीच्या वाटेवर वावीच्या पुढे ते सायकलवरून उतरले, दोनदा उलटी झाली, डोकं धरून बसले आणि मग असंबद्ध बोलायला लागले. मित्रांनी सपोर्ट गाडीत घातलं आणि रस्ताभर ग्लुकोजचं पाणी पाजत आणलं. “ऊन लागलंय मॅडम, सलाईन लावा.”

मीही तेच समजले. केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे: एनएस, म्हणजे साधं सलाईन, ५०० एमएल, फास्ट. बाहेर चाळीसच्या आसपास तापमान, शंभर किलोमीटरहून जास्त सायकल, उलट्या, भ्रम. कुणीही तेच लिहिलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगते आणि ते मला अजून पटत नाही.

उष्माघाताची शंका असली की काखेतला ताप मी मानत नाही. घामानं आणि वाऱ्यानं कातडी गार झालेली असते, आत मात्र भट्टी पेटलेली असू शकते. म्हणून रेक्टल, म्हणजे गुदद्वारातून घेतला. ३८.१ सेल्सियस. उष्माघातात तो चाळिसाच्या वर असायला हवा होता. ग्लुकोमीटरवर साखर ११८. बीपी चांगलं, नाडी ९६. जीभ ओली. या माणसाच्या अंगात पाणी कमी आहे असं एकही लक्षण सांगत नव्हतं आणि बाटली धो धो चालू होती.

तेवढ्यात आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, यांची अंगठी बघा.”

सोन्याची साधी अंगठी. दोन्ही बाजूंनी बोट वर आलेलं, अंगठी मधे रुतलेली. शेजारी घड्याळाचा पट्टा सैल करून शेवटच्या भोकात अडकवलेला, तरी मनगटावर त्याचा खोल वळ. मी मोजे खाली ओढले तर घोट्यावर विणीची नक्षी उमटलेली. सिस्टर पंचवीस वर्षं वॉर्डात आहेत आणि त्यांच्याइतकं पेशंटकडे बघणारे डॉक्टर मी फार कमी पाहिलेत. आम्ही मॉनिटर बघतो.

मी सलाईन बंद केलं. तोवर दोनशे एमएल गेलं होतं. रक्तातले वायू आणि क्षार मोजणाऱ्या एबीजी मशीनवर रक्त लावलं, पाच मिनिटांत सोडियम आलं: १२१. नॉर्मल १३५ ते १४५.

मग मित्रांना नीट विचारलं. किती पाणी प्यायले? त्यातला एक जण अभिमानानं म्हणाला, “पाण्याची अजिबात हयगय नाही. आमच्या ग्रुपचा नियमच आहे, दर पंधरा मिनिटांनी, तहान असो नसो. नऊ-दहा लिटर तरी झालं असेल.” आणि खाणं? सिन्नरला पोहे, पुढे दोन केळी. गुडघा दुखत होता म्हणून पेनकिलरची एक गोळी.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण बाहेर हे कुणाला माहीत नसतं. जोरात चालवणाऱ्याला तासाला लिटर-दीड लिटर घाम येऊ शकतो. हे गृहस्थ ग्रुपात सगळ्यांत मागे, सावकाश चालवणारे; त्यांचा घाम कमी, आणि रस्त्यावरचे तास जास्त. म्हणजे जेवढं गेलं त्याहून जास्त आत आलं. एरवी जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पण तासन्‌तास कष्ट झाले, मळमळ झाली की मेंदूतून असं हार्मोन सुटतं जे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं. पेनकिलरनं त्यात भरच पडते. पाणी साचतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. अशा वेळी साधं सलाईन चढवलं तर मीठ लघवीतून जातं आणि पाणी मागे राहतं. मी नेमकं तेच करत होते.

आयसीयूतून तीन टक्क्यांचं, म्हणजे साध्याहून कितीतरी खारं सलाईन मागवलं. शंभर एमएल, दहा मिनिटांत. फरक नाही. पुन्हा शंभर. त्यांच्या मिसेस तोवर पोचल्या होत्या, पायाशी उभ्या राहून “अहो, अहो” म्हणत होत्या. दुसरी बाटली संपता संपता गृहस्थांनी डोळे उघडून नीट पाहिलं आणि म्हणाले, “अगं, तू इथे कशी?” त्या माउलीला रडूच फुटलं. दोघांनी धरून काट्यावर उभं केलं, ७५.६. पहाटे निघताना घरच्या काट्यावर ७३.४ होतं, ते रोज लिहून ठेवतात. दिवसभर उन्हात सायकल चालवून माणसाचं वजन जवळपास सव्वादोन किलोनं वाढलं होतं. रात्रभर लघवी झाली, सकाळी बोटातली अंगठी फिरायला लागली.

आपल्याकडे सलाईन म्हणजेच उपचार. नाही लावलं तर डॉक्टरला काही येत नाही. आणि ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला द्यायला काही लागत नाही, म्हणून तो सगळेच देतात. आम्ही डॉक्टर सर्वांत जास्त. या गृहस्थांनी तो अक्षरशः पाळला, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी त्यांच्या ग्रुपला मी अर्धा तास बसवून सांगितलं. तहानेप्रमाणे प्या. निघताना आणि आल्यावर वजन करा. किलोभर उतरलं तर चालेल, वाढता कामा नये. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते पेल्यात कालवू नका. आणि पाणीच अती झालं असेल तर ओआरएसही वाचवत नाही. दुसऱ्या तासापासून दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका केळ्यात साधारण पंचवीस असतात, सोबत राजगिऱ्याची चिक्की ठेवा. गरम होतंय म्हणून पाणी ढोसू नका, तेच पाणी मानेवर, डोक्यावर, बाह्यांवर ओता. आपल्याकडची हवा दुपारी कोरडी, ओलं कापड वाऱ्यानं झटकन गार पडतं. मोहदरीच्या घाटात वेग आठावर आला की तो वाराही नाही, तिथे थांबा, सावलीत बसा.

दोन आठवड्यांनी बाविशीतला एक मुलगा आला. त्र्यंबक रोडवर तीन तास, एकच बाटली. नाडी १३०, उभं केलं की डोळ्यांपुढे अंधार, लघवी काळ्या चहासारखी. त्याला सलाईन लावलं आणि ते योग्यच होतं. जरा सावरल्यावर त्यानं मोबाइल दाखवला. ग्रुपवर फिरत आलेला मेसेज: नाशिकच्या डॉक्टर सांगतात, सायकल चालवताना पाणी पिऊ नका, सूज येते.

अर्ध्या तासाचं बोलणं एका ओळीत आलं होतं, आणि त्या ओळीत तहान हा शब्दच नव्हता.

ते गृहस्थ गेल्या शनिवारी आले होते, त्र्यंबकपर्यंत जाऊ का विचारायला. मी त्यांना काट्यावर उभं केलं. ७३.२. केसपेपरवर लिहिलं आणि परत आल्यावर सायकल घरी न नेता आधी इथे यायला सांगितलं.

साडेदहाला आले. ७२.६. अंगठी त्यांनी काढून मिसेसकडे ठेवली होती.