सामाईक भिंतीतली चानी

माळ्यावर रात्री खुडबुड झाली तर उंदीर, दिवसा झाली तर खार, आमच्या बोलीत चानी. एवढा फरक ज्याला कळला त्याचा निम्मा ताप वाचतो, कारण छतातून आवाज आला की आपली पहिली धाव उंदराच्या औषधाच्या पुडीकडेच असते. खार दिवसपाळीची बाई. कौलांवर ऊन आलं की बाहेर, भर दुपारी थोडी विश्रांती, चारनंतर पुन्हा लगबग आणि दिवेलागणीच्या आत घरी. रात्री एकदम चिडीचूप. त्यामुळे रात्रभर बॅटरी घेऊन माळ्यावर बसणाऱ्याला ती कधीच सापडत नाही, झोप तेवढी जाते.

आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूर भागातली जुनी घरं एकाला एक चिकटून. दोन घरांत भिंत एकच. तिला सामाईक म्हणायचं आणि कोर्टापर्यंत न जाता जेवढं भांडता येईल तेवढं तिच्यावरून भांडायचं. वर मंगळुरी कौलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि हे लाल, खाचेत खाच बसणारं कौल घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलं. बेळगावच्या पावसाला ते पुरून उरतं. पण कौल सरळ नसतं आणि भिंतीचा माथा सरळ असतो, त्यामुळे दोघांच्या मध्ये फटी राहतात. पावसाच्या आधी कौलं शाकारायला येणारा माणूस फुटकी कौलं बदलतो, सरकलेली बसवतो. फटीकडे तो बघतसुद्धा नाही, कारण तिथून पाणी येत नाही. खार येते.

आमच्याकडे ती आल्याचं कळलं गणपतीच्या तोंडावर. मखर उतरवायला माळ्याला शिडी लावली, तर मखराच्या खोक्यात तिचं घरटं. पोफळाच्या आकाराचं नाही, चेंडूसारखंही नाही, नुसताच एक ढीग, पण हात घातला तर आत इतकं मऊ की गादीवाल्याने लाजावं. बाहेरून काथ्या, मग आमच्या वाकळेच्या चिंध्या, आणि सगळ्यात आत रंगीत धागे. आमच्या गल्लीत दर घरात माग नसला तरी चार घरं सोडून एखाद्या घरात खटखट चालूच असते. मागाखाली पडलेले तुकडे वेचून तिने आणले होते: राणी, मोरपंखी, हळदी, मध्येच जरीची चमक. आमच्या घरात एवढ्या थाटाचं बाळंतपण कुणाचं झालेलं नाही. त्या धाग्यांत दोन पिल्लं, उघडीबोडकी, डोळे मिटलेली.

मग सल्ले सुरू झाले. डांबराच्या गोळ्या टाका, म्हणजे वासाने जाते. जात नाही. माळ्याखाली झोपणारी माणसं मात्र वसरीत झोपायला जातात. मिरचीची धुरी द्या. कौलारू घरात धूर वर जाऊन फटींतून निघून जातो हे खरं, पण आधी तो सगळ्या घरातून फिरून जातो. रेडिओ लावून ठेवा, हा सल्ला कुठून आला कळत नाही. मागाच्या खटखटीशेजारी वाढलेल्या खारीला रेडिओचं काय कौतुक? उंदरासाठी मिळतो तो चिकट फळा लावा असंही एक जण म्हणाला. तो प्रकार मला बघवत नाही. त्याला पाल चिकटते, चिमणी चिकटते आणि चिकटलेला जीव मरायला फार वेळ घेतो.

पिंजऱ्याचा सल्ला त्यातल्या त्यात सभ्य वाटतो. शेंगदाणे ठेवायचे, खार अडकली की टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सोडून यायची. सकाळी फिरायला जाणारे कितीतरी लोक पिशवीत पिंजरा लपवून हे काम करत असणार, असा मला संशय आहे. पण तिथल्या झाडांवर आधीच खारी आहेत आणि त्यांना पाहुणे आवडत नाहीत. शिवाय आई तिकडे सोडली तर इकडे दोन पिल्लं उपाशी मरणार, आणि ऐन सणात माळ्यावरून वास येणार. दयामाया बाजूला ठेवली तरी हिशेब जमत नाही.

निकाल शेवटी आत्तीने दिला. तिचं वय आणि तिचा आवाज, दोन्हींपुढे घरात कुणाचं चालत नाही. "उंदीर चालतोय की गणपतीला," ती म्हणाली, "मग चानीनं कुणाचं घोडं मारलंय? पिल्लं घेऊन बसलीया बिचारी, आणि तुम्ही शिडी लावूलालाय?" त्यावर शेजारच्या एका काकांनी सेतू, रामाची बोटं आणि पाठीवरचे पट्टे ही गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. खारीवर हात उचलायची वेळ आली की ती कुणीतरी सांगतंच. आमच्याकडच्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, उत्तरेकडे पाच पट्ट्यांची खार जास्त. रामाची किती बोटं लागली यावर मी काही बोललो नाही. त्या वर्षी मखर राहिलं माळ्यावर, आणि गणपतीच्या मागे आईची जुनी शहापुरी साडी ताणून लावली.

आत्तीचा निकाल भावनेचा वाटला तरी व्यवहाराचाही तोच होता. खारीचे गाभणपणाचे दिवस साधारण ३४, पिल्लं दोन-तीन आणि अंगावरचं दूध सुटायला जवळजवळ १० आठवडे. या काळात फट बुजवली तर आई बाहेरून आणि पिल्लं आतून ओरडतात, आणि आई काही गप्प बसत नाही. शेजारचं लाकूड कुरतडून दुसरी वाट काढायला बघते. पिल्लू खाली पडलं तर उचलून कापसात घालून दूध पाजायची घाई करू नये. उघड्या खोक्यात घालून शक्य तितकं घरट्याजवळ ठेवायचं आणि आपण लांब व्हायचं. आई मानेला नाही, पोटाच्या बाजूने तोंडात धरते आणि पिल्लू तिच्या तोंडाभोवती गुंडाळलं जातं. बहुतेक वेळा ती येऊन नेतेच.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं असं मात्र नव्हे. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही तिची हौस नसून गरज आहे, आणि तिच्या दाताला लाकूड, नारळाची करवंटी आणि विजेची वायर यांत भेद दिसत नाही. माळ्यावरून गेलेल्या उघड्या वायरी आम्ही त्याच आठवड्यात पाइपात घातल्या. गणपतीच्या लायटिंगच्या माळा तिने आधीच संपवल्या होत्या. शेंगांचं पोतं पत्र्याच्या डब्यात गेलं.

आता त्या भिंतीचं सांगायचं राहिलं. पलीकडे अक्का राहतात, घरात कन्नड बोलणाऱ्या, आमच्याशी मराठी बोलताना मध्येच कन्नडवर घसरणाऱ्या. चानी खायची त्यांच्या अंगणातले पेरू आणि राहायची आमच्या माळ्यावर. सांडगे मात्र दोन्ही गच्च्यांवरचे पळवायची. मग ती कुणाची? आमच्या भागाला हद्दीचा प्रश्न १९५६ पासून चिकटलेला, त्यामुळे या विषयावर बोलायला कुणालाही तयारी करावी लागत नाही. मी एकदा अक्कांना सांगितलं, महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे हिचीच मोठी भावंडं, आणि ती आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात, कर्नाटकात, खुशाल राहतात. अक्का म्हणाल्या, "राहू दे की. पेरू खायला येत नाहीत न्हवं?"

दिवाळी उलटल्यावर पिल्लं कौलांवर शेपट्या उडवत चिकचिक करायला लागली. तेव्हा फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून ठेवला. बोळा बाहेर पडला की आत कुणीतरी आहे. दोन-तीन दिवस जागचा हलला नाही की घर रिकामं. आमचा बोळा पहिल्यांदा तासाभरात अंगणात आला; पुढे पुढे तो जागेवरच राहायला लागला. मग दुपारी, खारी बाहेर असायच्या वेळेला, बारीक भोकांची लोखंडी जाळी दुमडून फटीत बसवली आणि कडेने सिमेंट ओढलं. नुसतं सिमेंट चालत नाही, कोपरा कुरतडून निघतो. प्लॅस्टिकची जाळी तर आणूच नये. काम करायला गवंडी अर्ध्या दिवसासाठी मिळेना, म्हणून कौलं शाकारणाऱ्यालाच विनवणी करून आणलं. त्याला हा सगळा प्रकार वेडेपणा वाटला, तसं तो तोंडावर म्हणालाही.

चार दिवसांनी भिंतीपलीकडून अक्कांची हाक आली. "निम्म इणचि नम्म मन्याग बंदैति नोडु!" तुमची खार आमच्या घरात आलीय बघ. आत्तीने इकडूनच ओरडून सांगितलं, आमची कशी, पेरू कुणाचे खायची? बराच वेळ दोघींचं आपापल्या भाषेत चाललं. शेवटी अक्कांनी विचारलं, जाळी उरलीय का. उरली होती. पण पिल्लं आहेत का आधी बघून घ्या, असं आत्तीने बजावलं आणि शिडी द्यायला मला पाठवलं.