पाच नंबरने हात वर केला नाही

मी अर्थशास्त्र शिकवते. व्याख्या पाठ असणं आणि तसा विचार करता येणं यांत किती अंतर असतं, ते मला पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीमुळे नीट कळलं. अर्थतज्ज्ञांच्या एका वार्षिक परिषदेत त्यांनी सुमारे 200 जणांना एक कोडं घातलं होतं. एका गायकाच्या कार्यक्रमाचं तिकीट तुम्हाला फुकट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच संध्याकाळी दुसऱ्या गायकाचा कार्यक्रम आहे. त्याचं तिकीट 40 डॉलर, आणि त्याला ऐकायला तुम्ही एरवी 50 डॉलरपर्यंत मोजता. मग पहिल्याकडे जाण्याचा संधी खर्च किती, म्हणजे तिकडे जाण्यापायी हुकलेल्या दुसऱ्या पर्यायातून किती फायदा झाला असता? उत्तर 10 डॉलर. दुसरीकडे गेला असतात तर 50 चा आनंद मिळाला असता आणि 40 खिशातून गेले असते. चार पर्यायांतून हे उत्तर निवडणारे 21.6 टक्केच निघाले. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी 25 टक्के बरोबर आले असते.

तेव्हापासून मी आधी कोडं घालते, संकल्पनेचं नाव नंतर सांगते.

त्या दिवशी चाच्यांचं कोडं होतं. पाच चाचे, 100 नाणी. एक नंबरनं वाटणी सुचवायची आणि सगळ्यांनी, त्यानं स्वतःसुद्धा, मत द्यायचं. निम्मी किंवा जास्त मतं पडली तर वाटणी पक्की. नाही तर तो समुद्रात, आणि दोन नंबरची पाळी. प्रत्येकाला आधी जीव प्यारा, मग नाणी. आणि दोन्हीकडे सारखंच मिळणार असेल तर वाटणी सुचवणाऱ्याला बुडवलेलं बरं.

हे सोडवायचं शेवटाकडून. चार आणि पाच उरले, तर चार नंबर स्वतःच्या एका मतावर सगळी नाणी घेतो. पाचला शून्य. म्हणून तिघं असताना तीन नंबरनं पाचला एक नाणं दिलं की भागतं. चौघं असताना दोन नंबरला तेच एक नाणं चारला द्यावं लागतं. आणि पाचही जण असताना एक नंबर तीनला एक, पाचला एक देतो आणि 98 स्वतःकडे ठेवतो. पाचनं हातातलं एक नाणं 98 शी ताडून बघायचं नसतं; 'नाही' म्हटल्यावर जे शून्य येणार आहे, त्याच्याशी ताडून बघायचं असतं. संधी खर्चाचं सगळं मर्म मला त्या एका नाण्यात दिसतं.

मुलांना मी उत्तर सांगितलं नव्हतं. दहा मिनिटं कागदावर विचार करायला दिली, मग पाच जणांना पुढे बोलावलं. नाण्यांऐवजी 100 चकत्या, आणि दर चकतीला चाचणीत एक दशांश गुण. गुण खरे असले की मुलं खरा विचार करतात, हा माझा अनुभव आहे.

एक नंबरच्या मुलानं कोडं पुरतं सोडवलं होतं. त्यानं न अडखळता 98, 0, 1, 0, 1 अशी वाटणी मांडली. त्याचा हात वर, तीन नंबरचा हात वर. पाच नंबरची मुलगी समोरच्या एका चकतीवर बोट ठेवून बसून राहिली. हात वर केलाच नाही. दोन विरुद्ध तीन, एक नंबर बुडाला.

दोन नंबरनं 25-25-25-25 सुचवलं. तीन नंबर विरोधात गेला, कारण दोन बुडाला की आपल्याला 99 मिळतात हे त्यानं काढलं होतं. पण चार आणि पाच बाजूनं पडले आणि वाटणी झाली.

मला वाटलं, झालं, पुढचा मुद्दा आयताच हाती आला. जर्मनीत वेर्नर ग्यूथ आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये वाटणीचा प्रयोग केला होता. तेव्हापासून अशा प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय, की फारच तोकडा वाटा दिला तर लोक तो फेकून देतात, स्वतः तोटा सोसून. मी तिला विचारलं, "एकच चकती दिली म्हणून राग आला ना?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "या दोन नंबरनं कागदावर 25-25-25-25 लिहिलेलं मी पाहिलं होतं. तो शेजारीच बसला होता. एक नंबर गेला की मला 25 मिळणार हे मला माहीत होतं."

मी खडू खाली ठेवला. तिनं तंतोतंत तेच केलं होतं, जे हे कोडं शिकवतं: पुढे काय होईल ते पाहून हातातल्याची किंमत ठरवली होती. चूक एक नंबरची होती, आणि खरं तर माझी. कोड्यात एक न लिहिलेली अट असते: सगळे हुशार आहेत, आणि सगळे हुशार आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. ती मी इतकी वर्षं वाचून दाखवत नव्हते. खरं म्हणजे सरासरीच्या दोन तृतीयांशाचा खेळ मी दर वर्षी घेते. 0 ते 100 मधला आकडा लिहायचा. सगळ्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाला जो सर्वांत जवळ, तो जिंकला. प्रत्येक जण सरासरीच्या खाली उतरू पाहतो, म्हणून तर्कानं शेवटी शून्यावर यावं लागतं. पण रोझमारी नागेल यांनी 1995 मध्ये छापलेल्या प्रयोगात पहिल्या फेरीची सरासरी 37 च्या आसपास होती. तिथं शून्य लिहिणारा हरलाच असता. हे मी वेगळ्या तासाला, वेगळा धडा म्हणून शिकवत आले होते.

मी वर्गाला नवं कोडं घातलं. तो कागद एक नंबरसकट सगळ्यांनीच पाहिला असता तर? पाच मिनिटांत उत्तर आलं: कुणाही दोघांना 26-26 द्यायच्या, 48 स्वतःला.

तास संपल्यावर एक नंबर माझ्याजवळ आला. "म्हणजे तो कागद बघायला मिळावा म्हणून मी 47 चकत्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं," तो म्हणाला. मी हो म्हटलं. तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"पण मॅडम, तेव्हा तर मला 98 मिळणारच अशी खात्री होती. मी एकही दिली नसती."