बटण ते पडदा: नेरूळच्या खोलीतील उशिराचा हिशेब

मागच्या नोंदीत खोलीची मांडणी आणि तारांचा नकाशा देऊन झाला आहे, त्यामुळे तो पुन्हा देत नाही. ज्यांनी ती नोंद वाचली नसेल त्यांच्यासाठी एवढेच, की नेरूळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकच ४३ इंची टीव्ही आहे आणि क्रिकेट, चित्रपट, गेम आणि माझा वाजवायचा छोटा की-बोर्ड या चारही गोष्टी त्याच खोलीत, एकाच जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर चालतात. मधल्या काळात नवीन खरेदी जवळपास झालेली नाही. सगळा वेळ एकाच प्रश्नाच्या मागे गेला: घडलेली गोष्ट डोळ्यांपर्यंत आणि कानांपर्यंत पोहोचायला किती उशीर होतो, तो नेमका कुठे होतो आणि त्यातला किती काढण्यासारखा आहे.

हा प्रश्न माझा नव्हता, भाचीचा होता. सुट्टीत राहायला आली असताना ती एका उड्या मारायच्या गेममध्ये त्याच त्या खड्ड्यात पुन्हापुन्हा पडत होती आणि प्रत्येक वेळी कंट्रोलर माझ्यापुढे धरून सांगत होती, “मामा, मी वेळेवरच दाबलं होतं!” मुले असे म्हणतातच, म्हणून मी ते मनावर घेतले नाही, पण स्वतः खेळायला बसल्यावर कडेला पोहोचण्याच्या किंचित आधी बटण दाबावे लागते हे माझ्याही ध्यानात आले, आणि मग मोजणे भाग पडले.

मोजण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवावा, बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवावा आणि नंतर ते चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण पूर्ण खाली गेल्यापासून पडद्यावरचा गडी हलेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. बोट नेमके कधी टेकले हे ठरवताना एक-दोन फ्रेम इकडेतिकडे होतातच, म्हणून बऱ्याच वेळा मोजून चढत्या क्रमातला मधला आकडा धरावा; सरासरी काढली तर एखादी फसलेली मोजणी सगळ्यांना आपल्याकडे ओढते.

टीव्ही नेहमीच्या ‘स्टँडर्ड’ मोडवर असताना हा आकडा १७० मिलिसेकंदांच्या आसपास आला. सेकंदाला ६० चित्रे काढणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे भाचीचे बोट आणि पडद्यावरची उडी यांच्यामध्ये दहा चित्रे निघून जात होती. ‘गेम’ मोड लावल्यावर तोच आकडा ८० वर आला. दोन्हींमधला फरक टीव्हीच्या स्वतःच्या कारागिरीचा आहे: रंग खुलवणे, कडा ठसठशीत करणे आणि सगळ्यांत महाग पडणारे म्हणजे हालचाल गुळगुळीत करणे. दोन चित्रांच्या मधले काल्पनिक चित्र तयार करायचे तर पुढचे चित्र आधी हातात असावे लागते, त्यामुळे टीव्हीला प्रत्येक चित्र थोडा वेळ अडवून धरावेच लागते. गेम मोड ही अडवणूक बंद करतो. उरलेल्या ८० मिलिसेकंदांत बटण वाचणे, हिशेब करणे, चित्र रंगवणे आणि ते तारेवरून पाठवणे हा गेमचा आणि कन्सोलचा वाटा मोठा आहे, आणि त्याला आपल्याकडून हात लावता येत नाही. कन्सोल आणि टीव्ही जोडणाऱ्या तारेच्या २०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ या मानकात कन्सोलच टीव्हीला गेम मोड लावायला सांगतो. माझा कन्सोल त्या आधीच्या पिढीचा असल्यामुळे ते काम रिमोटने करावे लागते. भाचीची उडीबद्दलची तक्रार थांबली आहे. आता तिचे म्हणणे असे, की खड्डाच रुंद आहे.

चित्र जागेवर आले तेव्हा आवाजाचा उशीर उघडा पडला. रात्री घरात कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून मी ब्लूटूथ नेकबँड वापरत असे, आणि त्याच्यावर उडीचा आवाज पाय जमिनीला टेकता टेकता येई. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी हवेत जातो, आणि एखादा तुकडा हरवला तरी खंड पडू नये म्हणून नेकबँड काही तुकडे साठवून मगच वाजवायला घेतो. आवाज दाबण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात; साध्या एसबीसी कोडेकवर हा सगळा उशीर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांत जातो. मग त्याच नेकबँडवर फोनमधला चित्रपट ओठाला ओठ जुळून कसा दिसतो, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी विचारला होता. उत्तर सरळ आहे: पुढे काय येणार हे चित्रपटाच्या प्लेअरला ठाऊक असते, म्हणून नेकबँडला जेवढा उशीर होतो तेवढेच तो चित्रही थांबवून ठेवतो. गेमला ही सोय नाही, कारण पुढचा आवाज कोणता हे तुमचे बोटच ठरवणार असते. त्यामुळे गेमसाठी तारेचा हेडफोन, नाहीतर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला हेडसेट, एवढे दोनच पर्याय मी मानतो. बॉक्सवर ‘लो लेटन्सी’, म्हणजे कमी उशीर, असे छापलेले असले तरी समोरच्या यंत्रात तोच कोडेक नसेल तर त्या शब्दांना अर्थ नाही.

चित्रपटाचे गणित वेगळे आहे. तिथे बटण कोणी दाबत नाही, त्यामुळे चित्र उशिरा आले तरी बिघडत नाही; आवाजाने मात्र तेवढाच उशीर केला पाहिजे. माझ्याकडे नेमके तेच होत नव्हते. टीव्ही चित्र सजवत बसे आणि ऑप्टिकल केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारा आवाज सुमारे ९० मिलिसेकंद आधी निघून जाई. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे असेल तर प्रेक्षकाला खटकू लागते, मागे असेल तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जाते. हा पक्षपात स्वाभाविक वाटतो, कारण निसर्गात आवाज प्रकाशाच्या आधी कधीच येत नाही. टीव्हीच्या मेनूत खोल दडलेली ‘डिजिटल आउटपुट डिले’ ही पट्टी मी ११० मिलिसेकंदांवर ठेवली आहे, म्हणजे आवाज किंचित मागे राहतो, पुढे कधीच जात नाही. जुन्या चित्रपटगृहांत हाच प्रश्न यंत्राच्या रचनेतून सुटलेला होता: दिव्यासमोर फिल्म प्रत्येक चित्राला थांबत थांबत सरकते, तर आवाज वाचायच्या जागी ती सलग सरकावी लागते, म्हणून ही जागा वेगळी ठेवून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेली असे.

याच ओघात एक जुने कोडे सुटले. वडिलांनी दूरदर्शनवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवलेले जुने चित्रपट मी संगणकावर घेतले आहेत, आणि त्यांतली गाणी की-बोर्डशी कधीच सुरात लागत नव्हती. पट्टी नेहमी थोडी चढीच निघे. कारण असे, की चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा आणि आपल्याकडची टीव्ही प्रक्षेपणाची पाल पद्धत २५ चित्रांची, म्हणून प्रक्षेपणात चित्रपट चार टक्के वेगाने पळवला जाई. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे सहा मिनिटे आधी संपतो आणि गाणे जवळपास पाऊण सेमीटोन (की-बोर्डवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर चढते. प्लेअरमध्ये वेग ०.९६ करून आणि वेग बदलला तरी स्वर तोच ठेवणारे ‘पिच करेक्शन’ बंद ठेवून ऐकले, की गाणे मूळ पट्टीत उतरते. आईला दोन्ही ऐकवले, तर तिला चढ्या पट्टीतलेच खरे वाटते. इतकी वर्षे तिने तेच ऐकले आहे, त्यामुळे तिथे मी वाद घातला नाही.

आता क्रिकेट. आमच्या इमारतीपासून डी. वाय. पाटील स्टेडियम सरळ रेषेत साधारण किलोमीटरभर आहे, आणि उशिराच्या अभ्यासाला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण. २ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. भारताने ७ बाद २९८ केल्या आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ वर संपला. मला तिकीट मिळाले नव्हते, म्हणून खिडकी उघडी ठेवून टीव्हीवर स्ट्रीमिंग लावले होते. शतक पूर्ण केलेली लॉरा वोल्वार्ट खेळत होती तोवर सामना हातचा गेलेला नव्हता. तेवढ्यात खिडकीतून एक गर्जना आली, मध्येच तुटली आणि लगेच दुप्पट जोराने उठली. माझ्या पडद्यावर तेव्हा गोलंदाज अजून रनअपच्या टोकाकडे चालत होती. काय घडले ते मला सुमारे अर्ध्या मिनिटाने दिसले: दीप्ती शर्माच्या चेंडूवर वोल्वार्टचा झेल अमनजोत कौरच्या हातातून उडाला, पुन्हा उडाला आणि अखेर तिने तो पकडला. गर्जना मध्येच का तुटली होती, ते तेव्हा कळले.

किलोमीटरभर हवेतून यायला आवाजाला साधारण तीन सेकंद लागतात, आणि तरीही तो स्ट्रीमिंगच्या कितीतरी पुढे होता. स्ट्रीमिंगमध्ये चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. एचएलएस या स्ट्रीमिंगच्या प्रचलित पद्धतीत सहा सेकंदांचा तुकडा सुचवलेला आहे आणि प्लेअर सहसा तीन तुकडे मागे राहून सुरू होतो, म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले. तुकडे तयार करणे आणि निरनिराळ्या सर्व्हरवर पोहोचवणे याचा वेळ त्यावर वेगळा. त्यामानाने डिशवरचा उपग्रह भूस्थिर कक्षेत ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असूनही जाऊन-येऊन पाव सेकंदच खातो. सेट-टॉप बॉक्सचा एकूण उशीर काही सेकंदांचा असतो तो मुख्यतः चित्रण दाबण्या-उलगडण्याचा. शेजारच्या काकांकडे डिश आहे, आणि त्या रात्री हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा आधी स्टेडियम, मग काकांचे घर आणि सर्वांत शेवटी मी, अशा क्रमाने आम्ही विश्वविजेते झालो. हा उशीर खोलीतल्या कोणत्याही पट्टीने कमी होत नाही, त्यामुळे सामन्यांपुरते डिशचे कनेक्शन पुन्हा घेतले आहे आणि या एका बाबतीत शोध थांबवला आहे.

की-बोर्डबद्दल थोडक्यात. आवाज लॅपटॉपमध्ये तयार होत असल्यामुळे बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवलेल्या आवाजाच्या नमुन्यांचा साठा, महत्त्वाचा ठरतो: सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराला ५१२ चा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.७. मी १२८ वर आहे आणि आवाज तडतडत नाही. स्पीकर तीन मीटर दूर असेल तर नऊ मिलिसेकंद नुसत्या हवेतच जातात, म्हणून द्रुत लयीच्या सरावाला तारेचा हेडफोन बरा.

सर्वांत नवे आणि अजून अपुरे असलेले काम बंदुकीचे आहे. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली असलेला आठ बिटांचा व्हिडिओ गेम, म्हणजे १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल, माझ्याकडे चालू स्थितीत आहे. कॅसेट फुंकून लावावी लागते, पण चालतो. बदके मारायची बंदूक मात्र एलसीडी टीव्हीवर एकही नेम धरत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतल्या संवेदकाला आधी अंधार आणि मग ठरल्या क्षणी उजेड दिसला तरच नेम लागला असे धरले जाते. आधीचा अंधार बल्बवर बंदूक रोखून फसवू पाहणाऱ्यांना पकडण्यासाठी आहे. आपल्या टीव्हीवर तो पांढरा चौकोन येईपर्यंत बंदुकीने बघणे संपलेले असते. चित्रनळीच्या टीव्हीत चित्र साठवलेच जात नाही, येणारा संकेत ओळीओळीने थेट काचेवर उमटतो, म्हणून हा खेळ तिथेच चालतो.

तसा २१ इंची टीव्ही कोपरखैरण्याच्या मावशीच्या माळ्यावर निघाला. दोघांनी उचलून आणला, लावला आणि उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसला. शेजारी अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर होता, त्याच्या चुंबकाने काचेमागची जाळी भारली गेली होती. स्पीकर हलवला, टीव्ही अर्धा तास पूर्ण बंद ठेवून थंड झाल्यावर पुन्हा लावला. सुरू होताना घरघर करणारी त्याची आतली कॉइल चुंबकत्व उतरवते. दोन-तीनदा असे केल्यावर डाग फिका झाला आहे, गेलेला नाही. मागचे झाकण मी उघडणार नाही आणि तुम्हीही उघडू नये, कारण नळीवर पंचवीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि तो टीव्ही बंद केल्यावरही राहू शकतो.

बंदूक आता दहापैकी सात-आठ बदके पाडते. ती चुकते तेव्हा चूक नेहमी त्या डागाच्या बाजूलाच होते का, हे पुढच्या नोंदीसाठी मोजायचे आहे. ज्यांच्याकडे चित्रनळीचा टीव्ही अजून चालू आहे त्यांनी त्याच २४० फ्रेमच्या पद्धतीने बटण ते पडदा आकडा काढून कळवावा, आणि सोबत टीव्ही किती इंची आहे व कन्सोल कोणत्या तारेने जोडला आहे तेही लिहावे.