बाबाची बांधी नदीत कशी गेली

2014 च्या उन्हाळ्यात मी एका सत्तरीच्या माणसाला विचारलं होतं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही आम्हाला दुसऱ्याच कोणाची जागा दाखवली का?" मागे गावातली दहा-बारा माणसं उभी होती आणि मी हे का विचारतेय ते सगळ्यांना कळत होतं. बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला, परत बांधला. मग म्हणाले, "नदी तं तिकडं हाय बाई. उन्हाळ्यात पाणी आणाले एका खेपेला अर्धा घंटा लागते मले. माही बांधी नदीत कशी राहीन?"

माझ्या हातात छापील नकाशा होता. त्यावर त्यांची बांधी, म्हणजे भाताचं शेत, सरळ खोब्रागडी नदीच्या पात्रात होती. मी नकाशावर विश्वास ठेवला.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडे एका बीटवर वनरक्षक म्हणून नवीन होते. बीट म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेलं जंगल; त्याचं नाव लिहीत नाही. वनहक्काच्या दाव्यांची मोजणी चालू होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आलंय, तिच्यावर 4 हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. गावची वनहक्क समिती मोक्यावर पडताळणी करते, आम्ही आणि तलाठी हजर असतो, ग्रामसभा ठराव घेते आणि फाइल उपविभागाच्या समितीकडे जाते. आमच्या खात्यात या कायद्याबद्दल काय बोललं जातं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. कोणत्याही रेंजच्या, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या, कॅंटीनला अर्धा तास बसा, कळेल.

मोजणीसाठी आम्हाला जीपीएस मिळालं. गार्मिनचं ईट्रेक्स, मुठीत मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. रेंजला दोन मशीन आली होती. त्यातलं एक साहेबांच्या कपाटात कुलपात राहायचं, कारण हरवलं तर पगारातून वसुली लागेल. म्हणजे चार बीट आणि एक मशीन.

प्रशिक्षण झालं एका सभागृहात, पत्र्याखाली. पत्र्याखाली उपग्रह मिळत नाहीत, म्हणून शिकवणाऱ्यानं मशीन डेमो मोडवर टाकलं. त्यात उपग्रहांचे सगळे खांब भरलेले दिसतात, बाण फिरतो, आकडे पळतात. आम्ही टाळ्या वाजवून चहा प्यायला गेलो. मशीन डेमोवरून परत काढायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या दिवशी मी एक अख्खी बांधी फिरले, आणि मशीन आपल्याच मनाने कुठेतरी दुसरीकडे चालत होतं. आमचे वनपाल साहेब, तीस वर्षं नोकरी, हद्दीचा मुनारा न् मुनारा पाठ, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून हसत होते. "मशीनले जंगल समजत नाई," म्हणाले.

पण मी हट्टाने शिकले, आणि हे लिहिताना आजही थोडा अभिमान वाटतो. सुरू केल्या केल्या चालायला लागू नये. बरेच दिवस बंद असलेल्या मशीनला उपग्रहांची नवी यादी आकाशातूनच उतरवून घ्यावी लागते, आणि पूर्ण यादी उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर उघड्यावर ठेवून द्यायचं. खिशात ठेवलं, छातीशी धरलं की आपलंच शरीर अर्धं आकाश झाकतं. डोक्याच्या वर धरायचं, मग लोक हसले तरी चालेल. मे महिन्यात सागाला पान नसतं, तेव्हा अचूकता 3-4 मीटर दाखवते. तेच पावसाळ्यात ओल्या ऐनाच्या झाडाखाली 12-15 च्या खाली यायला तयार नसते. आठवडी बाजारातले स्वस्त सेल दुपारी बारालाच मान टाकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी शिकवलं नाही: क्षेत्र मोजायला धुऱ्याने फिरताना मध्येच गप्पा मारायला थांबायचं नाही. आपण उभे राहतो, मशीन राहत नाही. तुम्ही मोहाखाली पाच मिनिटं पाणी पीत बसलात की स्क्रीनवर त्या जागी सुताचा गुंता तयार होतो, आणि तो गुंताही क्षेत्रात धरला जातो. मी समितीच्या सचिवाला सांगून ठेवलं होतं, एकदा निघाले की मला हाक मारू नका. साप दिसला तरच हाक मारा.

प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं उभं राहून सरासरी बिंदू घ्यायचे, मग फेरी मारून क्षेत्र काढायचं, असं मी चार दिवसांत 14 दावे मोजले. बाबांची बांधी तिसऱ्या दिवशी. पाच कोपरे. एका कोपऱ्यावर जुनं बोरीचं झाड, दुसऱ्यावर त्यांच्या बापाने ठेवलेले दगड. मशीनने क्षेत्र दिलं 1.18 हेक्टर. त्यांनी अर्जात लिहिलं होतं अंदाजे 3 एकर, म्हणजे 1.21. मला इतका आनंद झाला की मी ते आकडे माझ्या डायरीत लिहून खाली रेघ मारली.

डायरीत लिहिले, कारण नमुन्यात ते लिहायला जागाच नव्हती. नमुन्यात होत्या फक्त कोपऱ्यांच्या चौकटी: अंश, मिनिट, सेकंद. डाटा केबल साहेबांच्या कपाटातल्या डब्यात. त्यामुळे सगळे आकडे हाताने उतरवायचे, मग उपविभागाचा ऑपरेटर ते संगणकात घालणार आणि नकाशा काढणार.

तीन आठवड्यांनी फाइल परत आली. शेरा: जागा नदीपात्रात, क्षेत्र मागणीपेक्षा जास्त, 3.28 हेक्टर. बाबांसोबत आणखी पाच फाइली परत. एकाचं क्षेत्र 4.28 हेक्टर, म्हणजे कायद्याच्या मर्यादेबाहेर. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यांनी तुला फिरवलं. नवीन पोरगी पाहून जास्तीची जागा दाखवली." मी गावात गेले आणि तो प्रश्न विचारून आले.

त्या रात्री क्वार्टरमध्ये मी डायरी उघडली ती बाबांवर विश्वास बसला म्हणून नव्हे, माझं काय चुकलं ते साहेबांच्या आधी मला कळावं म्हणून. बाबांची 1.18 ची 3.28. दुसरे एक, 0.72 चे 2.00. मर्यादेबाहेरवाले, 1.54 चे 4.28. मोबाइलवर भागाकार केला. 2.78. परत 2.78. तिसऱ्यांदाही 2.78.

तीन माणसं मिळून आपापली जमीन एकाच पटीत वाढवून दाखवत नाहीत. एवढं मला रात्री अकराला समजलं, आणि झोप गेली.

पण का, ते समजेना. मला पहिला संशय आला तो डेटमचा, म्हणजे पृथ्वीचा जो आकार धरून अक्षांश-रेखांश मोजतात त्याचा. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे नकाशे, एव्हरेस्ट नावाच्या जुन्या डेटमवर काढलेल्या, आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस 84 या नव्या डेटमवर. आमच्या भागात या दोघांत दीडशे-दोनशे मीटरचा फरक पडतो. पण त्याने सगळ्या जागा एकाच दिशेने, सारख्याच सरकल्या असत्या. आणि डेटमने जमीन सरकते, फुगत नाही. इथे तर सगळ्या जागा ईशान्येला सरकलेल्या, कोणाची शंभर मीटर, कोणाची जवळजवळ हजार. आणि एक दावा तर बांधीसारखा दिसतच नव्हता. किलोमीटरभर लांब, अरुंद पट्टा, जणू पतंगाची शेपटी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ऑपरेटरकडे गेले. पोरगा भला होता, कंत्राटी, पगार कधी होईल ते माहीत नसलेला. त्याने प्रिंट काढून दिली. बाबांच्या पहिल्या कोपऱ्याच्या ओळीत होतं: 20 अंश 33 मिनिट 47.8 सेकंद उत्तर. 80 अंश 11 मिनिट 65.2 सेकंद पूर्व.

मी ती ओळ तीनदा वाचली. 65.2 सेकंद.

मशीनवर अंश दाखवायच्या तीन रीती असतात: नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिट, किंवा अंश-मिनिट-सेकंद. आमचं मशीन कारखान्यातून आलं तसंच दुसऱ्या रीतीवर होतं. स्क्रीनवर 20 अंश 33.478 मिनिट. मी नमुन्याच्या तीन चौकटींत लिहिलं 20, 33, 478. टिंबापुढचं ते सेकंद असं मला वाटलं. खरं सांगायचं तर काही वाटलंच नाही, चौकटी तीन होत्या आणि आकड्याचे तुकडेही तीन होत होते. पुढे ऑपरेटरने पाहिलं की 478 सेकंद तर असू शकत नाहीत, म्हणून त्याने विचार करून 47.8 केले. 652 चे 65.2. विचार अर्ध्यावरच थांबला. संगणकाच्या सूत्राने काही तक्रार केली नाही, 65.2 ला 3600 ने भागून पुढे गेलं.

0.478 मिनिट म्हणजे 28.7 सेकंद. लिहिले गेले 47.8. एक सेकंद उत्तरेकडे साधारण 31 मीटर. हिशोब करा: बाबांची बांधी सुमारे 590 मीटर उत्तरेला गेली आणि पूर्वेला त्याहून जास्त. नदी त्यांच्यापासून नेमकी तिकडेच, किलोमीटरभर. आणि सेकंदांच्या 60 च्या जागी आम्ही 100 धरले, म्हणून प्रत्येक बाजू 1.67 पट लांब. क्षेत्र त्याच्या वर्गाने, 2.78. जो दावा मिनिटाच्या रेषेवर पडला होता, त्याचे काही कोपरे 33.99 मध्ये आणि काही 34.01 मध्ये. एकीकडे 99 सेकंद, दुसरीकडे 1. ती पतंगाची शेपटी.

ऑपरेटरला मी कागदावर दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, मग बाकीच्या बीटचं?" मी म्हटलं, आधी माझं करू.

14 ही दावे आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत दुरुस्त केले. सगळ्या बांध्या आपापल्या जागी जाऊन बसल्या, नदी रिकामी झाली. तेव्हा लक्षात आलं की 14 पैकी सहाच परत आले होते. बाकी आठ फुगलेल्या क्षेत्रासकट पुढे गेलेले, कारण त्यांचं क्षेत्र फुगूनही 4 हेक्टरच्या आत होतं आणि सरकून ते पडले होते जंगलातच. एकालाही कोणी विचारलं नव्हतं की अर्जात 1 एकर आणि नकाशात पावणेतीन एकर कसं.

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, नवीन यादी करून द्या, जुनीवर खाडाखोड नको. पत्रात कारण गेलं "तांत्रिक त्रुटी". तांत्रिक त्रुटी म्हणजे मी, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, पण लिहायला कोणी तयार नव्हतं. साहेब मला वाचवत होते की स्वतःला, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. नंतर कधीतरी नियम नीट वाचले तेव्हा कळलं की 2012 च्या दुरुस्तीनेच सांगितलं होतं, उपग्रहाची चित्रं आणि असलं तंत्रज्ञान हे बाकी पुराव्यांना जोड म्हणून, त्यांच्या बदल्यात नाही. बोरीचं झाड, बापाने ठेवलेले दगड, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, हे सगळं फाइलमध्ये होतंच. नकाशाच्या पानाखाली.

बाबांची बांधी मी परत मोजली. गरज नव्हती, पण मोजली. या वेळी मशीन त्यांच्या हातात दिलं आणि मी मागून चालले. त्यांनी ते डोक्यावर दोन्ही हातांनी धरलं, पाण्याचा हंडा धरावा तसं, आणि एका शब्दाने न बोलता, न थांबता फेरी पूर्ण केली. आमच्यातल्या कोणालाच इतकं शिस्तीत जमलं नव्हतं. 1.16 हेक्टर. मी म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी तसं विचारायला नको होतं. ते म्हणाले, "तुमच्या मशीनले पाहा लागते, आमाले पाहिलेलंच हाय." मग मोहफुलं वाळत घातली होती ती गोळा करायला गेले. मी माफी मागितली ती त्यांना माफीसारखी ऐकू आली का, सांगता येत नाही.

आता माझी बदली झाली आहे. मोजणी मोबाइलवरच्या ॲपने होते, आकडे हाताने लिहावे लागत नाहीत. तरी कुठलाही जुना कागद हातात आला की माझी नजर आधी सेकंदाच्या चौकटीत जाते. गेल्या महिन्यात दुसऱ्या रेंजची एक रोपवनाची फाइल आली होती, आठ वर्षांपूर्वीची. दुसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत, 71.3 सेकंद. मी तिथल्या बाबूंना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, त्याची रोपं लावून झाली, बिलंही निघाली. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"